भारताएवढी थंडी, सोलापूरएवढी माणसं

भारताचा नकाशा समोर घ्या. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, कच्छपासून अरुणाचलापर्यंत सगळी माणसं उचला आणि बाजूला ठेवा. एकूण एक! आता फक्त सोलापूर शहरातल्या लोकांना परत बोलवा आणि सांगा, हा अख्खा देश तुमचा, हवं तिथे घर बांधा. झाला याकुतिया तयार.

सायबेरियाच्या ईशान्येला पसरलेल्या रशियाच्या या प्रांताचं क्षेत्रफळ आहे ३०.८३ लाख चौरस किलोमीटर. भारताचं ३२.८७ लाख. म्हणजे उन्नीस-बीसचा फरक! आणि तिथली लोकसंख्या? २०२१च्या जनगणनेत ती १० लाखांच्याही किंचित आत भरली. त्यातले साडेतीन लाख एकट्या याकुत्स्क या राजधानीत. बाकीचे छोट्या शहरांत आणि खेड्यांत. महाराष्ट्रात इतकी विरळ वस्ती असती, तर सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत मिळून लाखभर माणसं भरली असती. गर्दीच्या वेळी मुंबईची एक लोकल साडेचार-पाच हजार माणसं कोंबून नेते. म्हणजे अख्खा महाराष्ट्र वीस-बावीस लोकलमध्ये! सकाळच्या तासाभरात सगळं राज्य चर्चगेटला उतरून मोकळं.

आणि ओयम्याकोन नावाचं जगप्रसिद्ध थंड गाव? वस्ती पाचशेच्या आसपास. लोकलचा एक डबा भरून थोडी माणसं फलाटावर उरतील, बस्स. राजधानीपासून ते रस्त्याने नऊशे किलोमीटरहून लांब आहे. मुंबई-पुणे दीडशे धरा. एकदा, दोनदा, तीनदा... सहा वेळा मुंबई-पुणे केलं की ओयम्याकोन. तोच रस्ता पुढे मगदान बंदरापर्यंत जातो, एकूण दोन हजार किलोमीटरहून जास्त. मुंबई-पुण्याच्या तेरा फेऱ्या! स्टालिनच्या काळात हा रस्ता कैद्यांकडून बांधून घेतला. त्यांतले किती जण थंडीने आणि उपासमारीने गेले, ती संख्या मात्र किलोमीटरमध्ये मांडता येत नाही.

आता थंडी. निफाडचा पारा पाच अंशांवर आला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. याकुतियातल्या वेर्खोयान्स्क गावात फेब्रुवारी १८९२मध्ये नोंद झाली उणे ६७.८ अंशांची. ओयम्याकोननेही १९३३मध्ये जवळपास तेवढीच पातळी गाठली. निफाडच्या पाच अंशांवरून खाली उतरायच्या जवळजवळ ७३ पायऱ्या! याच ७३ पायऱ्या वर चढलात तर ७८ अंश होतात, म्हणजे जीभ पोळवणारा चहा. निफाडची थंडी जर चहासारखी कढत वाटली, तर तुम्ही वेर्खोयान्स्कचे.

अजून पटत नाही? घरचा फ्रीजर उघडा. आत साधारण उणे १८ असतं. त्यात पन्नास मिळवा, आले ३२ अंश, ऑक्टोबरातली घामट मुंबई. आता त्याच उणे १८मधून पन्नास वजा करा, आले उणे ६८. म्हणजे मुंबईकराला फ्रीजर जितका थंड, तितकाच वेर्खोयान्स्कच्या त्या रात्रीला तो फ्रीजर उबदार! माणूस ऊब घ्यायला फ्रीजरमध्ये शिरला असता. थर्मामीटरमधला पाराही तिथे हात टेकतो, उणे ३९च्या आसपास तो स्वतःच घट्ट होतो. म्हणून तिथे अल्कोहोलचे थर्मामीटर लागतात. हे झाले विक्रम. नुसत्या सरासरीचं विचाराल, तर याकुत्स्कच्या जानेवारीची सरासरी उणे ४०च्या जवळ जाते. सरासरी! आणि डिसेंबरात ओयम्याकोनला दिवसाचा उजेड पाच तासांहूनही कमी.

अशा थंडीत गाडी उभी करायची म्हणजे काय? गरम गॅरेज नसेल, तर बरेच जण इंजिन बंदच करत नाहीत. एकदा ते गोठलं की पुन्हा सुरू व्हायची खात्री नाही. उभ्या गाडीला तासाला लीटरभर पेट्रोल धरा. दिवसाचे २४ लीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ३६० किलोमीटर झाले. मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई आणि परत उलट निघून जवळपास खोपोली! रोज! चाक एक इंचही न हलवता! आपल्या शंभर रुपये लिटरच्या दराने महिन्याला ७२ हजार रुपये फक्त गाडी जिवंत ठेवायला. याच पेट्रोलमध्ये महिनाभरात ७२ वेळा मुंबई-पुणे गाठता आलं असतं.

पण खरी गंमत आहे पाण्यात, म्हणजे बर्फात. अनेक खेड्यांत घरोघर नळ नाहीत, कारण उघड्यावरचा नळ तासाभरात फुटतो. संडासही अंगणात, लाकडी खोपटात. तिथे उणे ५०मध्ये जायचं आणि शरीर ३७ अंशांवर ठेवून परत यायचं! मग प्यायचं पाणी कुठून येतं? शरदात तळं गोठून वीतभर जाडीचं झालं की गाव करवती, पहारी घेऊन निघतं. बर्फाच्या लाद्या कापायच्या, आकड्यांनी ओढायच्या आणि घराजवळ एकावर एक रचून ठेवायच्या. काचेसारख्या, निळसर झाक असलेल्या. हिवाळाभर त्यांतला एकेक तुकडा फोडून घरात आणतात, चुलीशेजारच्या पिंपात टाकतात आणि तो वितळला की प्यायचं पाणी तयार.

आपण हिशेब मांडू या. पाच माणसांचं घर. माणशी रोज फक्त २० लीटर धरा. आपल्या शहरांत १३५ लिटरचा निकष आहे, हे विसरायचं. दिवसाला १०० लीटर. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, म्हणजे २१० दिवस. २१ हजार लीटर! मे महिन्यात मराठवाड्यातल्या गावांत जे दहा हजार लिटरचे टँकर येतात, तसे दोन टँकर भरून वर हजार लीटर. फरक इतकाच की इथे टँकर दगडासारखा घट्ट आहे. साठ किलोची एक लादी धरली तर एका घराला लागल्या साडेतीनशे लाद्या.

आता त्या वितळवायच्या. उणे ४०चा बर्फ आधी शून्यावर आणायचा, मग वितळवायचा, मग पाणी २० अंशांपर्यंत कोमट करायचं. वितळण्याची पायरी सगळ्यांत खादाड. शून्य अंशांच्या बर्फाचं शून्य अंशांचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं! अशा २१ टनांना किती इंधन? आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचे सोळा, तेही ज्योतीचा कण वाया न जाता. निम्मी उष्णता वाया गेली, आणि चुलीत ती जातेच, तर बत्तीस सिलिंडर. चौकोनी कुटुंबाला वर्षाला आठ सिलिंडर पुरत असतील, तर ही चार वर्षांची बेगमी झाली. नऊशे रुपयांनी जवळजवळ एकोणतीस हजार रुपये! आणि अजून चहा ठेवलेलाच नाही. (तिथे जळतात अर्थात लाकडं. म्हणूनच याकुती घराभोवती ओंडक्यांच्या भिंती उभ्या दिसतात.)

दूध मात्र थंडीनं सोपं केलं आहे. याकुत्स्कच्या उघड्या बाजारात ते थाळीच्या आकाराच्या पांढऱ्या चकत्यांमध्ये विकतात. पिशवीत टाकायची, घरी न्यायची, गळायची भीतीच नाही. शेजारी मासे खोक्यात डोकं खाली, शेपूट वर असे लाकडाच्या फळ्यांसारखे ताठ उभे. विकणारी बाई केसाळ टोपी घालून उभी, पापण्यांवर श्वासाचं पांढरं दव. गोठलेल्या माशाचे धारदार सुरीने कागदासारखे पातळ काप काढून कच्चेच खायचे, हा तिथला आवडता पदार्थ.

आणि रस्ता? तो तर नदीच देते. लेना नदी सुमारे ४,४०० किलोमीटर लांब. नाशिकपासून बंगालच्या उपसागरापर्यंतची आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर. अशा तीन गोदावऱ्या एकीला एक जोडा! याकुत्स्कजवळ ही नदी काही किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्यावरचा पूल अजून बांधला जातो आहे. पण हिवाळ्यात पूल हवाच कशाला? बर्फावरून गाड्या नेणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे. बर्फाची जाडी सेंटीमीटरमध्ये मोजा, तिचा वर्ग करा, चारने गुणा, तेवढे किलो तो पेलतो. वीस सेंटीमीटरला १,६०० किलो, म्हणजे मोटार गेली. पन्नासला दहा टन. मीटरभराला चाळीस टन, म्हणजे खच्चून भरलेल्या दोन एसटी एकावर एक ठेवल्या तरी नदी हूं की चूं करणार नाही!

त्या मीटरभर जाडीच्या बर्फाचा एकच चौरस किलोमीटर तोला. भरतो ९ लाख १७ हजार टन. एक मालगाडी चार हजार टन नेते असं धरलं, तर सुमारे २३० मालगाड्या लागतील. एकेक गाडी साडेसहाशे मीटर लांब. एकीला एक लावून उभ्या करा. पहिलीचं इंजिन मुंबईत आणि शेवटचा डबा पुण्यात! एका चौरस किलोमीटरच्या बर्फासाठी! मे महिन्यात हे सगळं फुटतं, वाहतं. मग काही दिवस होडी चालत नाही आणि गाडीही नाही.

तरी अजून आपण पृष्ठभागावरच आहोत. आता खाली पाहू.

१८२८मध्ये फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्यानं याकुत्स्कला पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. पन्नास फूट गेलं, पाणी नाही, गोठलेली माती. शंभर फूट, तीच माती. दोनशे, तीनशे! नऊ वर्षं खणून १८३७मध्ये ३८२ फुटांवर काम थांबलं. आपल्या पन्नास फुटी विहिरी घ्या आणि एकाखाली एक सात लावा, तरी तळ थोडा उरतो. पाण्याचा थेंब मिळाला नाही. तळाची माती अजूनही शून्याच्या खालीच होती! शेर्गिनची ती विहीर आजही तिथे आहे.

आणि त्याने तर नुसतं ओरखडलं होतं. याकुतियाच्या वायव्येला गोठलेल्या जमिनीचा थर मोजला गेला आहे सुमारे दीड हजार मीटर. ४,९०० फूट! पन्नास फुटी विहिरी एकाखाली एक रचत चला. दहा, वीस, पन्नास, नव्वद... अठ्ठ्याण्णवावी विहीर बर्फाच्या तळाला टेकेल. कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर उलटं करून या जमिनीत खोवलं, तर दीडशे मीटरचाच भाग वर राहील, बाकी सगळा डोंगर गोठलेल्या मातीत गडप.

या जमिनीवर घरं खांबांवर उचलून बांधतात, नाहीतर घराच्या उबेनं खालची माती वितळून घर खचतं. गावकऱ्यांनी मात्र तिचा दुसराही उपयोग शोधून ठेवला आहे. अंगणात काही मीटर खोल खड्डा खणायचा, शिडी लावायची, वर जाड झाकण टाकायचं. आत मांस, मासे, बेरीची फळं. आणि उन्हाळ्यात पिण्यासाठी शरदातल्या त्याच बर्फाच्या लाद्या. वेर्खोयान्स्कला २० जून २०२०ला ३८ अंश नोंदले गेले. हिवाळ्यातल्या विक्रमापासून मोजलं तर १०५.८ अंशांची झेप, पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या शंभर अंशांपेक्षाही मोठी! अशा दिवशी खड्ड्यातलं तापमान शून्याखालीच. वर्षाचे बाराही महिने चालणाऱ्या या फ्रीजचं वीजबिल शून्य रुपये.