दाताच्या पोटात जीव आहे!

तोंडातल्या सगळ्या कायमच्या दातांचा आतला गर, म्हणजे आपण सरसकट जिला ‘नस’ म्हणतो ती, एकत्र केली तर भरते किती? सुमारे ०.३८ मिलीलिटर. चहाच्या चमच्याचा तळही धड झाकला जाणार नाही. एका दाताच्या वाट्याला येतं ते रक्ताच्या थेंबाहूनही कमी. आणि एवढ्याशा ऐवजापायी रात्री अडीच वाजता अख्खं घर उठून लवंग शोधत बसतं.

हा गर स्वभावाने एकसुरी. त्याच्यापर्यंत थंडगार मठ्ठा पोहोचो की उकळता चहा, उत्तर ठरलेलं: कळ. पण कामाला वाघ आहे. त्याच्या कडेला ओळीने बसलेल्या पेशी आयुष्यभर आतून डेन्टिनचा, म्हणजे इनॅमलखालच्या कठीण भागाचा, थर चढवत राहतात, म्हणून वय वाढेल तशी दाताची आतली खोली लहान होत जाते. बाहेरचं इनॅमल म्हणजे शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. मात्र ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच संपतात. इनॅमलचा टवका उडाला तो उडालाच. दुरुस्तीची आशा आहे ती आतल्या मऊ भागाकडून.

दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा आणि उंदराकडे त्याचा दात मागायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. मागण्यासाठी माणूस, नव्हे प्राणी, अगदी योग्य निवडलाय! उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात. त्यांच्या बुडाशी मूळ पेशींचा, म्हणजे स्टेम सेल्सचा साठा असतो. उंदीर कुरतडतो त्यामुळेच हे दात आटोक्यात राहतात. दाताच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांचाही हा लाडका प्राणी. २०१४ मध्ये त्याच्याच दातात दिसलं, की मज्जातंतूंना लपेटून असलेल्या पेशी प्रसंगी गराच्या आणि डेन्टिन बनवणाऱ्या पेशी होतात.

माणसाच्या दातातला साठा हाती लागला तो २००० साली, काढून टाकलेल्या अक्कलदाढांत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थोस, साँगताव शी आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. पुढे शी यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला. बाप मुलांच्या दातांचा डॉक्टर. त्याला त्या दातात लालसर ऊतीचा तुकडा दिसला. पुढचा दात पडला तेव्हा तयारी होती. दात थेट पेशी वाढवण्याच्या द्रवात पडला आणि प्रयोगशाळेत पोहोचला. आत जिवंत मूळ पेशी सापडल्या! २००३ साली शोधनिबंध आला. कन्येला नवा दात मिळाला, बापाला नवा विषय.

मग प्रत्येक किडक्या दाढेत या पेशी सोडून मोकळं का होत नाहीत? अडचण रक्ताची आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचं पाणी डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने येतं. नहर बुजली तर चक्की कितीही शाबूत असून उपयोग काय? दाताची नहर म्हणजे मुळाच्या टोकाचं छिद्र. मोठ्या माणसात ते बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. एवढ्याशा वाटेने रक्तवाहिन्या आत शिरायच्या आणि वरपर्यंत पोहोचायच्या! सात-आठ वर्षांच्या मुलाच्या नव्या दाताचं मूळ मात्र अजून पुरतं बंद झालेलं नसतं, टोक उघडं असतं. म्हणून या उपचाराची मोठी बातमी आली ती मुलांच्या, पडून-आपटून दुखावलेल्या पुढच्या दातांची. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ३० मुलांच्या मेलेल्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातांतून वाढवलेल्या पेशी बसवल्या. वर्षभरात आत रक्तवाहिन्या आल्या, संवेदना परतू लागल्या. एका मुलाला पुन्हा मार लागला आणि तो दात काढावा लागला. त्याच्या दुर्दैवाने शास्त्रज्ञांना आत डोकावता आलं: डेन्टिन बनवणाऱ्या पेशींची रांग पुन्हा लागलेली होती.

पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा नसेल तर? मग डॉक्टर रक्तच बोलावतात. कल्पना नॉर्वेच्या निगार्ड-ऑस्टबी यांची, १९६१ ची. मुळाची नळी सौम्य हायपोक्लोराइटने धुवायची (हो, ब्लीचमधलं तेच रसायन), औषध भरून काही आठवडे थांबायचं, मग बारीक सुईने मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम टोचून रक्त काढायचं. एरवी रक्त थांबवण्यासाठी धडपडणारा डॉक्टर इथे ते यावं म्हणून वाट पाहतो, त्यासाठी भुलीचं इंजेक्शनही ॲड्रेनॅलिनशिवायचं निवडतो. रक्तासोबत मुळाच्या टोकाजवळच्या मूळ पेशी आत येतात, गुठळी त्यांचा मांडव होते. त्याआधी ईडीटीए नावाच्या द्रवाने नळी धुतली, की डेन्टिनमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडलेले वाढीचे घटकही सुटतात. काही ठिकाणी गुठळीऐवजी पेशंटचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून केलेली फायब्रिनची जाळी वापरतात. मूळ लांब होतं, भिंती जाड होतात. मात्र आत उगवतं ते पुष्कळदा अस्सल गर नसून हाडासारखी किंवा सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण आवरणासारखी) ऊती असते. दात टिकतो, एवढं मात्र खरं.

लंडनच्या पॉल शार्प यांच्या चमूने तर २०१७ मध्ये अल्झायमरसाठी तपासलेलं टायडग्लुसिब हे औषध कोलॅजनच्या स्पंजमधून उंदराच्या दाताच्या खड्ड्यात भरलं. खड्ड्यात नैसर्गिक डेन्टिन भरून आलं. पुन्हा उंदीरच!

मग मूळ पेशींसाठी दुधाचे दात आता बँकेत जपून ठेवावेत का? जाहिराती तसं सांगतात. पण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला. दाताच्या गराच्या बँकेला नाही. पैसे मोजण्याआधी हे वाचलेलं बरं.

दात वाचवायची वेळ आलीच तर आपल्या शहरात घाटी रुग्णालयाच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, कांचनवाडीला छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचं आहे. आमखास मैदानावर चेंडू लागून पोराचा कायमचा दात अख्खा निखळला, तर घाटी काही लांब नाही. दात वरच्या भागाला धरून उचलायचा, दुधात बुडवायचा आणि शक्यतो अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. नळाखाली घासून चकाचक करायचा नाही; मुळावरच्या ज्या पेशी दाताला पुन्हा जबड्यात चिकटवणार, त्याच निघून जातात.