नडगीचा पीळ आणि बुटाचा कोन

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या नडगीच्या हाडात पीळ जवळजवळ नसतोच. मूल उभं राहतं, चालतं, धावू लागतं, आणि त्या वर्षांत हे हाड हळूहळू बाहेरच्या अंगाला पिळत जातं. मोठेपणी गुडघ्याच्या मानाने घोटा साधारण 20 अंश बाहेर वळलेला असतो. वर मांडीच्या हाडात मात्र उलटी गोष्ट चालू असते. तिथे जन्मतःच मोठा पीळ असतो आणि वयाबरोबर तो कमी होत जातो. एक हाड पिळलं जातंय, दुसरं सुटतंय, आणि या दोघांच्या बेरीज-वजाबाकीतून आपल्या पावलाचा कोन ठरतो. आंघोळीनंतर ओल्या पायांनी फरशीवरून चालत जा आणि मागे वळून पाहा. बहुतेकांच्या पावलांची बोटं नाकासमोर नसतात, थोडी बाहेर कललेली असतात. डावं आणि उजवं पाऊलही अनेकदा सारखं कललेलं नसतं.

आता असं पाऊल सायकलच्या बुटात घाला आणि बूट पेडलला जखडून टाका. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या बुटाखाली क्लीट असते, म्हणजे बोल्टने बसवलेली एक छोटी पट्टी. ती पेडलमध्ये 'खट्' आवाज करून अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. क्लीट ज्या कोनात बसवली, त्या कोनात पाऊल राहतं. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर तासाला 4,800 होतात. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा तास पाय चालले तरी प्रत्येक गुडघा 48,000 वेळा वाकतो आणि सरळ होतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी 2017 मध्ये एकेकट्याने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. बारा दिवसांच्या आत सुमारे 4,900 किलोमीटर! तिथे फेऱ्यांचा हिशेब लाखांत करावा लागतो. एवढ्या वेळा तीच हालचाल होत असेल, तर दोन-तीन अंशांची चूक क्षुल्लक कशी म्हणायची?

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, असं आपण धरून चालतो. तो त्याहून फार चतुर सांधा आहे. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा आणि पाऊल डावीकडे-उजवीकडे फिरवा. नडगी सहज फिरते, गुडघ्याची वाटी मात्र जागची हलत नाही. आता पाय पूर्ण ताठ करून तेच करून पाहा. या वेळी वाटीही सोबत फिरते, कारण हालचाल थेट खुब्यातून होते. गुडघा पूर्ण सरळ होताना नडगी शेवटच्या टप्प्यात किंचित बाहेर वळून घट्ट बसते, आणि वाकताना परत आत वळते. सायकलवर पाय कधीच पूर्ण ताठ होत नाही, म्हणून ही नडगी प्रत्येक फेरीत थोडी-थोडी फिरायला मोकळी असते. पेडलवर जोर पडला की तळव्याची कमान किंचित दबते आणि नडगी आत वळते. म्हणजे वरून खाली जाणाऱ्या साध्या दिसणाऱ्या पायात एक सूक्ष्म गिरकी दडलेली आहे. मला हे दर वेळी थक्क करतं.

जुन्या काळी चामड्याच्या तळाला खाचेची क्लीट खिळ्यांनी ठोकत. पण ठोकण्याआधी स्वार नवे बूट घालून नुसतेच सायकल चालवत. पेडलच्या कडेचा व्रण तळावर उमटला की त्याच रेषेवर क्लीट बसे. पावलाने आपला कोन स्वतःच लिहून द्यायचा! मोजमापाची याहून सुंदर पद्धत मला माहीत नाही.

मग 1984 साली स्कीच्या बांधण्या बनवणाऱ्या 'लूक' या फ्रेंच कंपनीने तेच तंत्र पेडलमध्ये आणलं. फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो याने 1985 ची टूर द फ्रान्स त्या पेडलवर जिंकली. हाच इनो 1980 मध्ये आघाडीवीराची पिवळी जर्सी अंगावर असताना गुडघ्याच्या दुखण्यामुळे शर्यत सोडून गेला होता. पण सुरुवातीच्या या क्लीट पाऊल जराही हलू देत नसत, आणि नडगीच्या गिरकीला जागाच उरत नसे. पुढे क्लीटमध्ये थोडी मोकळीक ठेवली जाऊ लागली. तिला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळीला 6 अंश, निळीला 2 आणि लालला शून्य अंश फ्लोट असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पिवळीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

मात्र फ्लोट चुकीच्या कोनाची भरपाई करत नाही. टेबलाच्या कडेवर बसा, पाय सैल लोंबकळू द्या. पावलं जिकडे वळतील तो तुमचा कोन, आणि तो फ्लोटच्या मधोमध यायला हवा. पाऊल सतत एका टोकाला टेकत असेल तर क्लीट फिरवायची वेळ झाली. इथे अनेकांचा गोंधळ होतो. बोटं बाहेर हवी असतील, तर क्लीटचं टोक आत, अंगठ्याच्या बाजूला वळवावं लागतं. क्लीट पेडलमध्ये नेहमी सरळच बसते; वळतो तो बूट. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर बोटं जास्त आत वळलेली असण्याची शक्यता असते, आतल्या बाजूला दुखत असेल तर जास्त बाहेर. दुखणं टिकून राहिलं तर डॉक्टरांकडे जावं. पान्याने सगळं बरं होत नाही.

पुढे-मागे ठेवताना क्लीटचा मध्य चवड्याखाली, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मागच्या उंचवट्यांच्या दरम्यान आणायचा. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. एका वेळी अंशभरच बदल करा आणि काही दिवस चालवून पाहा. नवी क्लीट बसवण्याआधी जुनीच्या कडेने पेनने रेघ ओढून घ्या, आणि दोन्ही बुटांवर वेगवेगळी, कारण डाव्याचा कोन उजव्याला लागू पडेलच असं नाही.