गुलालातला चेहरा आणि कोर्टातला पुरावा

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या की घटकाभरात माणूस ओळखू येईनासा होतो. केस, भुवया, सदरा, पदर, सगळं गुलालानं एकरंगी. त्या रेट्यात एखाद्या बाईचा हात गळ्याकडे जातो आणि मंगळसूत्र नसतं. मग भोवतालचे सल्ले द्यायला लागतात. त्यांतल्या चुकीच्या सल्ल्यांपायी चोर तरी सुटतो, नाहीतर भलताच अडकतो. मला या दुसऱ्याची धास्ती जास्त वाटते.

‘फिर्याद इथल्याच ठाण्यात द्यावी लागते, खेपा घालत बसशील, सोडून दे,’ हा पहिला सल्ला. तो खरा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न बघता कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. कराडला उतरून द्या, नाहीतर लातूरला पोचून. नोंद शून्य क्रमांकानं होते, मग हद्दीच्या ठाण्याकडे जाते. फिर्यादीची प्रतही फुकट मिळते.

‘मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय,’ हा समज मात्र फार खोल रुजलेला आहे. गुन्हे आणि साक्षीपुराव्यावर संशोधन करणारे जमतात तिथे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रयोगाचं नाव हमखास निघतं. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा किती होता. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. यातलं कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रश्नातल्या एका शब्दानं आठवण बदलली होती.

आता डोंगरावर या. जमाव एका पोराला धरतो, चोपतो, बाईसमोर उभं करतो आणि विचारतो, ‘हाच ना?’ ती घाबरलेली, पोराचं तोंड गुलालानं माखलेलं. तिनं मान हलवली की पुढे तिच्या मनात तोच चेहरा पक्का होतो. नंतरच्या ओळख परेडीला मग अर्थ उरत नाही, कारण तिथे दिसण्यात सारखी माणसं उभी करून त्यांतून निवडायचं असतं आणि तिला तर आधीच दाखवून झालेलं असतं. म्हणून विचारायचंच तर ‘कसा होता?’ एवढंच विचारावं.

‘सीसीटीव्हीत आलंय, म्हणजे झालं’ हेही अर्धंच. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर नकलेसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. त्यातून जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. उशीर केला तर मागायला काही शिल्लक राहत नाही.

आणि ‘पोलिसांपुढे कबूल झाला’? कोर्टात त्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही. गर्दीत पाकीटमारी करत मुलं पळवणाऱ्या आणि मारणाऱ्या गावित बहिणींचा कोल्हापुरातला खटला आठवा. तिथे त्यांच्यातल्या रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, पण तो कोर्टात शपथेवर बोलला आणि उलटतपासणीला सामोरा गेला. पोलिसांपुढच्या कबुलीला एक अपवाद आहे. आरोपीनं सांगितलं आणि त्यामुळे वस्तू सापडली, तर तेवढा भाग धरला जातो.

त्या वस्तूशी जुळवायला आपल्याकडेही काही हवं. साखळी हिसकताना तिचा एखादा तुकडा पुष्कळदा पदरातच अडकून राहतो. तो धुऊ नका, सोनाराकडे नेऊ नका. गुलालासकट कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या आणि पंचनाम्यात त्याची नोंद झाली का, हे सही करण्याआधी वाचून घ्या.