विंडोज उडालं म्हणून फाइल्स जात नाहीत

लॅपटॉप सुरू होईना की दुकानात हमखास ऐकू येतं, 'फॉरमॅट मारावा लागेल.' मालकही मान डोलावतो. विंडोज बंद पडलं म्हणजे आतले फोटो, हिशेब, प्रबंध सगळं गेलं, अशी त्याची समजूत असते. पण डिस्क शाबूत असेल तर फाइल्स होत्या तिथेच असतात. त्या वाचायला फाइल सिस्टिम ओळखणारा एखादा प्रोग्रॅम पुरतो, आणि मल्टिबूट पेनड्राइव्हमध्ये, म्हणजे ज्यावरून अनेक प्रणाली सुरू करता येतात अशा पेनड्राइव्हमध्ये, असे प्रोग्रॅम एकाहून जास्त असतात.

त्यातला एक म्हणजे ग्रब हा बूट लोडर. तो फक्त मेनू दाखवतो असं बहुतेकांना वाटतं. त्या मेनूवर 'सी' दाबा, काळ्या पडद्यावर कमांड लाइन उघडते. 'एलएस' टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशनं दिसतात. त्यापुढे (एचडी0,1)/ जोडलं की पहिल्या डिस्कच्या पहिल्या पार्टिशनमधले फोल्डर येतात. शेवटची तिरकी रेघ राहिली तर फोल्डर दिसत नाहीत, नुसती पार्टिशनची माहिती येते. डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशनं एकपासून. एचडी0 म्हणजे लॅपटॉपचीच डिस्क, असं मात्र धरून चालू नका. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर बरेचदा पेनड्राइव्हच एचडी0 असतो. फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस, एक्स्ट4 हे सगळं ग्रबला वाचता येतं. 'कॅट' लिहून मजकुराची फाइल पडद्यावर वाचता येते, आणि 'लूपबॅक' वापरून आयएसओ फाइल न उलगडता तिच्या आत काय आहे तेही बघता येतं.

मग इथूनच फोटो दुसरीकडे कॉपी करू, असं कुणी म्हणेल. ते जमणार नाही. ग्रबमध्ये फाइल कॉपी करायची कमांडच नाही. त्यामुळे 'एलएस' किंवा 'कॅट' करताना चुकून काही पुसलं जाईल ही भीतीही नको. यूईएफआय शेल, म्हणजे लॅपटॉपच्या फर्मवेअरवर चालणारी कमांड लाइन, हिचं उलटं आहे. तिथे कॉपीही होते आणि फाइल पुसलीही जाते, पण फर्मवेअरला सहसा फॅटच कळतं, म्हणून विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन तिथे बहुधा उघडतच नाही. मल्टिबूट पेनड्राइव्ह बनवणाऱ्या व्हेंटॉय या प्रोग्रॅमच्या मेनूत एफ2 दाबून उघडणारा ब्राउझर आतल्या डिस्कवरच्या आयएसओसारख्या बूट होणाऱ्या फाइल्ससाठी आहे. लग्नाचे फोटो तिथे शोधू नका.

फाइल्स बाहेर काढायच्या तर पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली हवी. ती बसवावी लागते हा आणखी एक गैरसमज. लाइव्ह लिनक्स डिस्कला हात न लावता रॅममध्ये चालतं. विंडोजचा इन्स्टॉलर असेल तर तोही पुरतो: पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ10 दाबा, कमांडची खिडकी उघडेल, तिथे 'नोटपॅड' टाइप करा. नोटपॅडच्या फाइल मेनूतून 'ओपन' निवडून 'ऑल फाइल्स' केलं की सगळी डिस्क समोर येते आणि उजव्या क्लिकने कॉपी करता येते. ड्राइव्हची अक्षरं मात्र बदललेली असू शकतात. नेहमीचा सी इथे डी दिसला तर घाबरू नका.

विंडोजच्या पासवर्डबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण त्याच्या भरवशावर लोक निर्धास्त असतात. लॉगिनचा पासवर्ड विंडोज सुरू झाल्यावर विचारला जातो. पेनड्राइव्हवरून डिस्क वाचणाऱ्याला तो कुणी विचारत नाही. परक्या हातापासून वाचवतं ते एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजवर बिटलॉकर. ते चालू असेल तर वरचे सगळे मार्ग कुलपाशी थांबतात. 48 अंकी रिकव्हरी की असेल तर लाइव्ह लिनक्समधून किंवा इन्स्टॉलरच्या त्याच कमांडच्या खिडकीतून कुलूप उघडतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. लॅपटॉप धड चालतोय तोवरच खात्यात जाऊन ती आहे का बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.