वाशीमचीं तीर्थें व त्यांस पाणी पुरविणारे नाले

वऱ्हाडांतील जुन्या क्षेत्रांपैकीं वाशीम हें असें एक क्षेत्र आहे कीं, ज्याचें माहात्म्य नदीवरून नव्हे, तर तळ्यांवरून वाढलें. गांवास लागून मोठी नदी नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें १७५० फूट उंचीच्या पठारावर तें वसलेलें आहे. पयानघाटांतील अकोला शहर याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर आहे. वाशीमच्या उत्तरेकडील मुलखाचें पाणी काटेपूर्णेंतून पूर्णेस मिळतें व दक्षिणेकडील पैनगंगेस जातें. अशा माथ्यावरच्या गांवास पावसाळा सरल्यावर पाणी हवें असेल, तर तें अडवून ठेवल्यावांचून गत्यंतर नसतें; आणि आपल्या पूर्वजांनीं तें अडविलें तें देवाच्या नांवानें.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती व त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन होय. १९३९ सालीं वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. तो त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं दिलेला असून त्यांत या नगराचा उल्लेख आहे. पद्मतीर्थाविषयीं लोकांत अशी कथा आहे कीं, वासुकी नांवाच्या राजास कुष्ठरोग झाला होता. गांवाबाहेरच्या एका डबक्यांत स्नान केल्यानें तो बरा झाला, व त्यानें तें डबकें वाढवून तळें बांधिलें. कारंजाच्या ऋषि तलावाची कथाही याच वळणाची आहे. करंज ऋषींच्या अंगावर दुर्धर फोड उठले. त्यांनीं अंबेची आराधना केली. देवीनें देवळासमोर तळें निर्माण केलें व त्यांत स्नान करून ऋषि शुद्ध झाले. दोन्हीं कथांत रोग त्वचेचा आहे व औषध स्नानाचें आहे. ज्या पाण्यानें राजाचें व ऋषीचें अंग बरें झालें, त्या पाण्यांत घाण टाकूं नये, हें मग कोणास निराळें सांगावें लागत नसे. कथेचा हा उपयोग लहान नव्हे.

वाशीमचें दुसरें प्रसिद्ध तळें म्हणजे बालाजीच्या देवळाजवळील देव तलाव. हें देऊळ व तलाव नागपूरकर साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधविले. म्हणजे पद्मतीर्थाचा कर्ता कथेंतला राजा, तर देव तलावाचा कर्ता दप्तर सांभाळणारा कारभारी. आणि तळें बांधतांना कारभाऱ्यास पाण्याचा हिशेब नक्कीच करावा लागला असला पाहिजे. तोच हिशेब येथें मांडावयाचा आहे.

एक एकर जमिनीवर एक इंच पाणी उभें राहिलें, तर तें ३६३० घनफूट, म्हणजे सुमारें एक लाख लिटर भरतें. तेव्हां तळ्याच्या वरच्या अंगास शंभर एकरांचा उतार असून त्यावरून पावसाळाभरांत केवळ एक इंच पाणी वाहून तळ्यांत आलें, तरी तें एक कोटी लिटर होतें. परंतु पडलेला सगळा पाऊस वाहत नाहीं. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळलेली असते. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतच जातो. पुढें माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग श्रावण-भाद्रपदाच्या झडींत पाणी वरून वाहूं लागतें. यावरून दोन गोष्टी कळतात. तळें भरतें तें मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धांत. आणि तें थोडक्याच मोठ्या पावसांत भरतें. त्या चार-पांच दिवसांत येण्याची वाट मोकळी नसेल, तर वर्षाचें पाणी गेलें.

आतां खर्चाची बाजू. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत उघड्या पाण्यावरून दिवसाला पाव ते अर्धा इंच पाणी वाफेनें उडतें. माघापासून वैशाखअखेर हा खर्च सुमारें तीन फुटांवर जातो. कोणी घागरभर पाणी न काढलें तरी हा खर्च चुकत नाहीं. म्हणून जें तळें गाळानें भरून चार फूट खोल उरलें आहे, तें अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चिखल होतें, आणि जें बारा फूट खोल आहे, तें पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतें. बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंचा विस्तार सारखाच दिसतो. जुन्या बांधीव कुंडांच्या पायऱ्या खालीं खालीं आंत येत जातात, त्यांतही मर्म आहे. एक तर काळ्या मातीची उभी भिंत पाण्यानें फुगून व उन्हानें आकसून ढांसळते, तिला दगडाचा आधार मिळतो. दुसरें असें कीं, पाणी जसें खालावतें तसा त्याचा उघडा पृष्ठभाग लहान होत जातो व वाफेनें होणारी तूट कमी होते. शिवाय पाणी कितीही खालीं गेलें तरी घागर घेऊन उतरणाऱ्या बाईस वाट असते.

तळाशीं बसलेली चिकण माती हें तळ्याचें अस्तर होय. तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण. हल्लीं जे. सी. बी. यंत्र लावून एका आठवड्यांत तळें उपसण्याची चाल पडली आहे. यंत्र चालविणारा भाड्याच्या तासांकडे पाहतो, अस्तराकडे नाहीं. अस्तर फोडून मुरूम उघडा पडला कीं पाणी झपाट्यानें जिरतें. तें जिरलेलें पाणी वायां जातें असें मात्र नाहीं. आपला पाषाण थरांचा आहे. भेगाळ व सच्छिद्र थरांतून पाणी आडवें सरकतें व खालच्या अंगाच्या विहिरींस मिळतें. लोणारच्या विवराच्या कडेस गोमुखाची धार बारा महिने वाहते, ती अशाच मुरलेल्या पाण्याची. विवरानें थर उघडे पडल्यामुळें पाण्यास तेथें वाट मिळाली. तेव्हां तळ्यांत पाणी उभें ठेवावयाचें आहे कीं खालच्या विहिरी जगवावयाच्या आहेत, हें खणण्यापूर्वीं ठरवावें. तळास सिमेंटचा गिलावा करणें हें मात्र माझ्या मतें दोन्हीं बाजूंनीं नुकसानीचें आहे. विहिरींचें पाणी तुटतें, आणि गिलाव्यास तडे गेले कीं तळ्यांतही पाणी राहत नाहीं.

पयानघाटांतील वाचकांस हा विषय माथ्यावरच्या लोकांचा वाटेल, परंतु तसें नाहीं. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोहों बाजूंस खारपाणपट्टा पसरला आहे व त्यांत सुमारें ९०० गांवें मोडतात. तेथें विहीर खणली तर खारें पाणी लागतें. गोडें पाणी म्हणजे आकाशांतून पडलेलें व तळ्यांत सांठविलेलें. दर्यापूर तालुक्यांत महिमापूर येथें सात मजली पायविहीर आहे. एवढा खर्च त्या काळीं कोणीं हौसेखातर केला असेल असें वाटत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. दक्षिणेंत कुंभकोणम् येथें महामहम् नांवाचें मोठें तीर्थ आहे. दर बारा वर्षांनीं तेथें पर्व भरतें. मागील पर्व २०१६ सालीं झालें. तिकडच्या देवळांच्या तळ्यांस कावेरीचे कालवे पाणी पुरवितात, व ते कालवे घरांखालीं दडपले गेले कीं तळीं कोरडीं पडतात, ही तिकडची तक्रार आहे. आपल्याकडे कालवा नाहीं. आपला कालवा म्हणजे शेतांतला नाला. देवळाचे विश्वस्त व नगरपालिका घाट झाडतील, दिवे लावतील, कठडे रंगवतील. परंतु ज्या ओहळानें पाणी येतें तो ओहळ त्यांच्या हद्दींत नसून आपल्यापैकीं कोणाच्या तरी सर्व्हे नंबरांत असतो.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें नकाशे व सातबारे नित्य हाताखालून जात. १८६० नंतरच्या दशकांत वऱ्हाडची पहिली मोजणी झाली, तेव्हां नाले, पांदणी व तळीं टिपणांत व गांवनकाशांत दाखविलीं गेलीं. सातबाऱ्यावर क्षेत्राखालीं ‘पोटखराब’ असा रकाना असतो. त्यांत वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीस निरुपयोगी जमीन. आणि वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, तळें, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठीं राखलेली जागा. पहिल्या वर्गाची जमीन सुधारून लागवडीखालीं आणतां येते, व २०१८ पासून तिच्यावर आकारणीही करतां येते. दुसऱ्या वर्गास ही मोकळीक नाहीं. पुष्कळ खातेदार दोन्हीं वर्ग एकच समजतात, आणि आकार नाहीं म्हणजे मालक नाहीं, असा अर्थ करून वखर घालतात.

हें एका दिवसांत होत नाहीं. पहिल्या वर्षीं नाल्याच्या कांठचें गवत जातें; दुसऱ्या वर्षीं एक तास आंत सरकतें; वडिलांच्या वेळीं बैलगाडी उतरे असा नाला मुलाच्या वेळीं धुऱ्याइतका उरतो व नातवाच्या वेळीं केवळ नकाशांत राहतो. चार एकरांच्या नंबरांत समजा सहा गुंठे वर्ग ‘ब’ आहे. सोयाबीन एकरीं आठ क्विंटल धरलें तरी सहा गुंठ्यांचें उत्पन्न सव्वा क्विंटलाच्या आंत येतें. त्यासाठीं वरच्या शंभर एकरांचें पाणी अडतें. तें वरच्या शेतांत तुंबून तूर पिवळी पाडतें, नाहीं तर धुरा फोडून भलतीकडून जातें व सुपीक माती घेऊन जातें. खालचें तीर्थ कोरडें राहतें तें निराळेंच. धुऱ्याचे जे तंटे कचेरींत येत, त्यांतील कित्येकांचें मूळ बुजविलेल्या नाल्यांत असे, आणि दोन्हीं पक्ष मात्र धुऱ्यासच धरून बसलेले असत.

कायद्याची माहिती थोडक्यांत देतों. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० प्रमाणें, जीं कोणाच्या मालकीचीं नाहींत असे नाले, ओढे, तळीं सरकारचीं आहेत. कलम ५० प्रमाणें सरकारी जागेवरील अतिक्रमण जिल्हाधिकारी काढूं शकतात. पाण्याच्या वहिवाटीच्या रूढी कलम १६५ च्या वाजिब-उल-अर्जांत नमूद व्हावयाच्या असतात. आपल्या गांवची ही नोंद एकदां वाचून पाहावी. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं हिंचलाल तिवारी यांच्या प्रकरणांत, व २०११ सालीं जगपाल सिंह यांच्या प्रकरणांत, गांवतळीं ही समाजाची ठेव आहे व त्यांवरील अतिक्रमण कायम करूं नये, असा निर्णय दिला आहे. शेजाऱ्यानें शेताच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडविल्यानें नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालीं तहसीलदाराकडे दावा करतां येतो. मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचे आंत करावा लागतो. सहा महिने म्हणजे एक हंगाम. पुष्कळ जण पीक निघेपर्यंत थांबतात व मुदत घालवून बसतात.

गाळाविषयीं लोकांत उत्साह पुष्कळ आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारची योजना २०१७ पासून निघाल्यावर तर तो वाढलाच. एक एकरावर एक इंच थर देण्यास सुमारें ३६ ब्रास गाळ लागतो. तेव्हां वाहतुकीचा खर्च आधीं मांडावा. हलक्या, मुरमाड जमिनीस हा गाळ फार मानवतो, कारण तिची ओल धरून ठेवण्याची शक्ति वाढते. भारी काळ्या जमिनींत तो टाकणें व्यर्थ आहे. तेथें आधींच निचरा कमी, त्यांत भर पडते. खारपाणपट्ट्यांतील गाळ क्षारांसाठीं तपासून घेतल्यावांचून वापरूं नये. ही तपासणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत होऊं शकते. देवळाच्या तळ्यांतील गाळ घेतांना आणखी एक खबरदारी हवी. ज्या कोपऱ्यांत गणपतीचें व देवीचें विसर्जन होतें, तेथला गाळ शेतांत आणूं नये. शाडूची मूर्ति पाण्यांत विरघळून मातीस मिळते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ति महिनोन्‌महिने तशीच पडून राहते व तिचे रंग गाळांत उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० च्या सूचनांत अशा मूर्ति तळ्यांत विसर्जन करण्यास मनाई केली आहे. निर्माल्य व साबण यांनीं पाणी हिरवें होतें आणि उन्हाळ्याच्या रात्रीं प्राणवायु कमी पडून मासे मरतात.

गाळ काढणें हें काम वारंवार करावें लागूं नये, यासाठीं नाला तळ्यांत शिरतो तेथें अलीकडे दगडांची सैल आडभिंत घालून लहानसा खड्डा ठेवावा. जड माती त्यांत बसते व तो खड्डा दोन गाड्यांत उपसतां येतो. नाल्याच्या दोन्हीं कांठीं चार-चार हात पट्टी मारवेल गवतास सोडली, तर माती अडते व वैरणही मिळते. उताराला आडवी पेरणी करणें हा तर सर्वांत स्वस्त उपाय होय.

तळ्याच्या पाण्याची वाट शोधावयाची असेल तर उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयांतून गांवनकाशाची व आपल्या नंबराच्या टिपणाची नक्कल काढावी, आणि पोळ्याच्या सुमारास, मोठी झड लागलेली असतांना, नक्कल घेऊन तळ्यापासून वर चालत जावें. पाणी स्वतःच जुनी वाट दाखवितें; जेथें तें नकाशाची रेघ सोडून वळतें, तेथला सर्व्हे नंबर लिहून घ्यावा व त्या नंबरवाल्यास, आपलाच असला तरी, दिवाळीपूर्वीं गांठावें, म्हणजे रब्बीची पेरणी होण्याआधीं नाला मोकळा करतां येतो.