पॅड संपले, डिस्कचं काय?

वारूळवाडीहून ओतूरमार्गे कल्याणकडे निघालेली गाडी माळशेज घाट उतरते, तेव्हा ब्रेकवर किती भार पडतो? माणसांसकट 1200 किलोची गाडी 100 मीटर खाली आली, की तेवढ्या ऊर्जेत साडेतीन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गिअर खालचा असला तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. नुसत्या पेडलवर उतरलात तर सगळी धग पॅड आणि डिस्कवर, त्यातही पुढच्या चाकांवर.

नव्या पॅडचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. 3 वर आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरकते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारा आवाज मात्र गंजाचा. तो आपोआप जातो. चिरकण्याची जागा ‘खर्र’ने घेतली, तर लोखंड लोखंडाला लागलं समजा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तर आतला आधी संपतो, म्हणून चाक काढूनच बघावं.

खरा प्रश्न डिस्कचा. ‘लेथवर मारून घेऊ’ हा सल्ला लगेच मिळतो, पण आधी जाडी मोजा. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. कडेला न झिजलेला काठ राहतो, त्यामुळे साधा व्हर्नियर फसवतो. मायक्रोमीटर हवा, आणि चार-सहा ठिकाणी मोजायला हवं. जाडी कमी-जास्त भरली तर ब्रेक दाबताना स्टिअरिंग का थरथरतं, ते कळेल. लेथनंतर डिस्क किमान आकड्याखाली जाणार असेल, तर ती मजुरी वाया, नवी घ्या. पातळ डिस्क लवकर तापते, तडकूही शकते.

पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून बाटलीवर लक्ष ठेवा; सांडलं तर रंग उडवतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं कोरडं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही हद्द 140 वर येते. घाटात ते उकळलं की त्याची वाफ दबते आणि पेडल खाली बसतं.

काम झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिले दोनेकशे किलोमीटर सपाटीवर हलक्या ब्रेकने चालवा, माळशेज त्यानंतर.