कॅमेरा कुणाच्या उंचीवर?

तरुणांच्या चित्रपटनिर्मिती कार्यशाळेला आम्ही तीन दिवस होतो. व्याख्याने थोडी, काम जास्त. पाच जणांत एक कॅमेरा. एका गटाने सफाई कामगार बाईंवर फिल्म केली. झाडू, कचरा, हात सगळे टिपले. चेहरा एकदाही नाही. संकलनाला बसल्यावर पोरांच्याच ते ध्यानात आले. प्रस्थापित सिनेमाची वरून पाहण्याची नजर आपल्या पोरांतही मुरलेली! दुसऱ्या पहाटे ती पुन्हा गेली, कॅमेरा बाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि त्यांनाच बोलू दिले. ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, तो उगाच नव्हे. जयंती मंडळांनी डीजेचा खर्च आवरून वस्तीत एक कॅमेरा, एक संगणक आणावा. पोरे तयार आहेत.